किळस न मानणारा वैद्य : सुन सिम्याओ

विनयपिटकातली एक हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच मळात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तो कोणाच्या काही कामाचा नाही, म्हणून त्याच्याकडे पाहायचे कशाला, असा इतर भिक्खूंचा हिशोब होता. आनंदासोबत फिरताना तथागतांना तो दिसला. आनंदाने पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून तथागतांनी आजाऱ्याची सेवा आणि आपली सेवा यांत फरक नसल्याचे बजावले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही हकीकत आवर्जून घेतली आहे. तथागतांचे स्वतःचे अखेरचे आजारपणही पोटाचेच होते. चुंदाकडचे भोजन झाल्यावर त्यांना रक्ताची हगवण लागली आणि त्याच अवस्थेत ते कुशिनाऱ्यापर्यंत चालत गेले.

या हकीकतीनंतर हजारभर वर्षांनी चीनमध्ये एका वैद्याने हगवणीच्या रुग्णाविषयी जवळजवळ हीच शिस्त वैद्यांसाठी लिहून ठेवली. त्यांचे नाव सुन सिम्याओ. चिनी लोक त्यांना औषधांचा राजा म्हणतात. आपल्याकडे हे नाव फारसे कोणी घेत नाही.

सुन सिम्याओ यांचा जन्म सामान्यतः इ.स. ५८१ चा मानतात. या सालावर अभ्यासकांत वाद आहे. त्यांच्या हयातीतही शेजारीपाजारी त्यांचे वय शंभराच्या किती पुढे नेऊन सांगत, कारण जुन्या राजवटींच्या गोष्टी ते डोळ्यांदेखत घडल्यासारख्या सांगायचे. गाव ह्वायुआन, म्हणजे आजच्या शान्शी प्रांतातल्या थोंगच्वान शहराचा भाग. राजधानी चांगआन, आजचे शीआन, तिथून फार दूर नाही.

मूल म्हणून ते सतत आजारी असत. त्यांच्या औषधपाण्यात घरची पुंजी संपून गेली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दवाखान्याच्या बिलापायी मंगळसूत्र गहाण पडलेले किंवा वावर विकले गेलेले घर आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? सुन यांच्या वैद्यकीची सुरुवात तशाच घरातली आहे. वयाच्या सातव्या वर्षी शाळेत बसले, पाठांतर अफाट होते. विशीत लाओत्से आणि च्वांगत्से यांच्यावर अधिकाराने बोलायचे, आणि त्याचबरोबर त्यांना बौद्ध ग्रंथांचीही गोडी होती, अशी नोंद तांग राजवटीच्या अधिकृत इतिहासात आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. सुन सिम्याओ यांना आपण सरसकट बौद्ध म्हणून मिरवू नये. ताओ पंथाने त्यांना आपले मानले आहे आणि ते खोटे नाही. दीर्घायुष्याच्या रसायनांत त्यांना रस होता. पण त्यांच्या ग्रंथांत धम्माबरोबर भारतातून गेलेले वैद्यक ठिकठिकाणी दिसते. माणूस पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांच्या मेळातून बनतो आणि हा मेळ बिघडला की चारशे चार रोग उभे राहतात, ही बौद्ध वैद्यकातली मांडणी त्यांच्याकडे आहे. तथागतांचा वैद्य जीवक याच्या नावाची एक गोळी त्यांच्या ग्रंथात आहे. भारतीय म्हणून नोंदवलेला अंगमर्दनाचा अठरा प्रकारांचा क्रमही आहे.

शिवाय संगत होती. ह्युएन त्संग भारतातून परतून चांगआनमध्ये ग्रंथांचे भाषांतर करत होते, तो काळ सुन यांच्याच हयातीतला. राजधानीच्या दक्षिणेला चुंगनान डोंगर आहे. तिथे राहत असताना विनयाचे थोर आचार्य भिक्खू दाओश्वान यांच्याशी सुन यांची मैत्री होती, असे भिक्खूंच्या चिनी चरित्रग्रंथात नमूद आहे. दाओश्वान यांनी विनयावर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात आजाऱ्याची शुश्रूषा आणि मरणाऱ्याची सोबत यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या दोघांत काय बोलणे होत असेल ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण हगवण लागलेल्या भिक्खूची हकीकत विनयातली आहे आणि दाओश्वान यांचे सारे आयुष्य विनयात गेले, एवढे आपण लक्षात ठेवावे.

दरबाराने सुन यांना वारंवार बोलावले. स्वै राजवटीने विद्वानपद देऊ केले, त्यांनी नाकारले. तांग सम्राट ताइझोंग यांनी बोलावून मानाचे पद देऊ केले, तेही नाकारले. ६५९ मध्ये सम्राट गाओझोंग यांनी सल्लागाराचे पद पुढे केले, पुन्हा नकार. मात्र ते दरबाराला अंतरलेले नव्हते. इतिहासकार मागच्या पाच राजवटींचा इतिहास लिहीत होते तेव्हा माहिती विचारायला त्यांच्याकडे येत. पद न घेता त्यांनी जे केले ते म्हणजे रुग्ण तपासणे आणि लिहिणे.

साधारण ६५२ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ पूर्ण झाला : ‘बेइजी छ्यानजिन याओफांग’. माणसाचा जीव हजार सुवर्णमुद्रांहून मोलाचा, तो वाचवणारा नुस्खाही तितक्याच मोलाचा, असा त्या नावामागचा अर्थ आहे. ३० खंड, ५,००० हून जास्त नुस्खे. प्रस्तावनेसारखा सामान्य भाग संपला की आधी स्त्रियांचे आजार येतात, मग लहान मुलांचे. पुरुषांचे नेहमीचे आजार त्यानंतर. सातव्या शतकात हा क्रम ठरवणाऱ्या माणसाकडे आपण थोडे थांबून पाहिले पाहिजे.

पहिल्याच खंडात मोठ्या वैद्याचे मन कसे असावे यावर एक प्रकरण आहे. चीनमध्ये आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते शिकवले जाते. त्यात ते सांगतात की रुग्ण दारात आला की तो थोर की हलका, श्रीमंत की गरीब, म्हातारा की तरुण, देखणा की कुरूप, मित्र की वैरी, चिनी की परका, शहाणा की मूर्ख, हे वैद्याने विचारूच नये. सगळे आपल्या जवळच्या नात्यातले आहेत असे धरून चालावे. रात्र, थंडी, भूक, थकवा यांची सबब सांगू नये. आणि त्यानंतर ते नेमके त्या भिक्खूच्या खाटेपाशी येतात. ज्याच्या अंगावर फोड आहेत, ज्याला हगवण लागली आहे, ज्याच्या जवळ दुर्गंधीमुळे जाववत नाही आणि ज्याच्याकडे लोक पाहतही नाहीत, त्याच्याविषयी वैद्याच्या मनात करुणाच यावी, तिरस्काराचा एक कणही येऊ नये. हा आपला निश्चय आहे, असे ते म्हणतात.

किळस या शब्दाचे वजन आपल्या समाजाइतके कोणाला कळणार? मळाशी माणसाची सांगड घालून, तो मळ उचलायला लावून, वर त्याच माणसाला विटाळ ठरवणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी भोगली. तिचे अवशेष आजही गटारांच्या झाकणाखाली माणसे मारतात. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तरी टाकीत उतरलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. चीनमध्ये जातिव्यवस्था नव्हती, पण उच्चनीचता भरपूर होती. तिथल्या एका नामवंत वैद्याने किळस ही रुग्णाची नव्हे, तर वैद्याच्या मनातली उणीव ठरवली.

आणि हे त्यांनी दुरून लिहिले नाही. आपल्याला आयुष्यात दोनदा उष्ण आणि एकदा शीत प्रकारची हगवण झाली, असे ते त्याच ग्रंथाच्या पंधराव्या खंडात सांगतात. दिवसरात्रीत शंभराहून जास्त वेळा जावे लागे, शेवटी खाटच संडासापाशी हलवावी लागली. सम्राटांची पदे नाकारणारा हा माणूस आपली खाट कुठे होती हे शेकडो वर्षांनंतरच्या वाचकांना संकोच न करता सांगतो. आपल्याकडे अजूनही पोटाच्या तक्रारीला बाहेर काहीतरी दुसरेच नाव दिले जाते.

त्या खंडात त्यांनी हगवणीचे चार प्रकार केले. शीत, तिच्यात पांढरी आंव पडते. उष्ण, तिच्यात लाल. तिसरा प्रकार लाल-पांढरा मिसळलेला, ज्याला काळवेळ नाही. चौथ्यात नुसते रक्त. सर्व प्रकारांत पथ्य कडक : कच्चे, थंड, आंबट, तेलकट, खारट बंद, दूध-दही-लोणी बंद, मांस-मासे बंद. जे खायचे ते पूर्ण शिजवून मऊ केलेले, आणि तेही पोट तडस लागेपर्यंत नाही. पथ्य चुकले तर संतही वाचवू शकणार नाही, असा दम त्यांनी भरला आहे. आजारी माणसे अहंकारी असतात, सकाळी कडू औषध घेतात आणि संध्याकाळी सोडून देतात, अशी त्यांची तक्रारही आहे. वाचताना हसू येते, कारण प्रत्येक घरात असा एक रुग्ण असतोच.

याच खंडात ‘चू-चे-वान’ नावाची गोळी आहे. नावाचा अर्थ गाडी थांबवणारी गोळी. घटक चारच : ह्वांगल्यान नावाचे अतिशय कडू पिवळे मूळ, सुंठ, डांगग्वै हे मूळ आणि गाढवाच्या कातड्यापासून काढलेला सरस. ह्वांगल्यानमध्ये जे बर्बेरिन असते तेच आपल्याकडच्या दारुहळदीतही असते. थंड गुणाच्या मुळाबरोबर उष्ण सुंठ, आणि रक्त जाणाऱ्या माणसासाठी सरस, अशी त्यामागची कल्पना.

ही गोळी आणि तिच्यावरून बेतलेले काढे चिनी वैद्य आजही अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये वापरतात. म्हणून इथे थोडे आजच्या आजाराकडे वळावे लागेल. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य आजार. शरीराची प्रतिकारयंत्रणाच आतड्याच्या अस्तराला सुजवत राहते. महिनोन्महिने रक्त आणि आंव पडते, वजन उतरते, मध्येच बरे वाटते आणि पुन्हा उसळते. बऱ्याचदा तो ऐन तरुणपणी सुरू होतो, म्हणजे स्पर्धा परीक्षा, पहिली नोकरी, लग्न याच वयात. ज्या मुलीच्या वसतिगृहात एका मजल्यावर एकच संडास आहे, किंवा ज्या मुलाच्या चाळीत रांग लावावी लागते, त्यांचे या आजारात काय होत असेल? ते आजार लपवतात. रक्त दिसले की मूळव्याध समजून गावठी औषध घेतात. क्रोन्समध्ये आपल्याकडे आणखी एक गफलत होते. आतड्याचा क्षयरोग अगदी त्याच्यासारखा दिसतो, आणि क्षयरोग असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर तो भडकतो. म्हणून रक्त थांबत नसेल तर पोटविकारतज्ज्ञ आणि दुर्बिणीची तपासणी, हा रस्ता टाळता येत नाही.

सुन यांच्या ग्रंथातली हगवण आणि हा आजार एकच आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांच्या काळी रक्ताची हगवण म्हणजे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असणार. तो अनेकदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो, आणि त्याआधी घेतलेल्या औषधाला श्रेय मिळते. स्वतःच्या तीन आजारांवरून हगवण जगात सहज बरी होणारी आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला, तिथे ते चुकले. दीर्घकालीन दाह सहज बरा होत नाही. आज मेसालामाइनपासून जैविक औषधांपर्यंत जे उपचार आहेत तेही बहुतेकांना आजार ताब्यात ठेवायला मदत करतात, समूळ नाहीसा करत नाहीत.

मग चिनी औषधांत काहीच नाही का? असेही नाही. निळीच्या झाडांपासून बनवलेली ‘छिंगदाय’ नावाची निळी पूड चीन-जपानमध्ये या आजारासाठी पूर्वीपासून दिली जाते. जपानमधल्या डॉक्टरांनी तिची रीतसर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ८६ रुग्ण, ८ आठवडे, काहींना पूड आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पूड घेणाऱ्यांपैकी ७० ते ८१ टक्क्यांना उतार पडला, नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. कारण चाचणीबाहेर स्वतःच पूड विकत घेऊन ६ महिने खाणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब धोकादायक वाढल्याचे समोर आले. म्हणजे पुडीत खरोखर दम आहे, आणि म्हणूनच ती निरुपद्रवी नाही. झाडपाल्याचे औषध आहे, त्याने काय होणार, असे म्हणत उपचार बंद करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या आरोग्य शिबिरात ही गोष्ट सांगायला हवी.

सुन सिम्याओ यांना ही गोष्ट रुचली असती असे आम्हाला वाटते, कारण आकडा सांगण्याची हिंमत त्यांच्यात होती. हगवणीपेक्षाही त्या काळी लोक ज्याला घाबरत तो महारोग, म्हणजे कुष्ठरोग. गावाबाहेर टाकलेल्या अशा ६०० हून अधिक रुग्णांवर आपण स्वतःच्या हातांनी उपचार केले, प्रत्येकाची देखभाल स्वतः केली, आणि त्यांतला दहातला एक बरा झाला, असे ते लिहितात. दहातला एक! चमत्काराच्या कहाण्यांनी भरलेल्या त्या काळात औषधांचा राजा म्हणून ओळखला जाणारा माणूस आपले अपयश ६०० पैकी साडेपाचशेच्या आसपास होते, हे नोंदवून ठेवतो. आज यूट्यूबवर शंभर टक्के खात्रीने कोलायटिस मुळापासून घालवणारे जे कोणी वैद्य, बुवा, डॉक्टर दिसतात त्यांना आपल्या तरुणांनी एवढेच विचारावे : किती जणांना औषध दिले, आणि किती जणांना उपयोग झाला नाही?

त्यांच्या रुग्णांतला एक नावानिशी माहीत आहे. कवी लू चाओलिन. त्याला अंग विद्रूप करणारा दुर्धर आजार जडला होता. ६७३ च्या सुमारास तो चांगआनमध्ये सुन यांच्याजवळ राहिला, शिष्यासारखा. सम्राटाने सुन यांना एका राजकन्येचा रिकामा वाडा राहायला दिला होता. अंगणात एक रोगट नासपतीचे झाड होते. सुन सम्राटाबरोबर उन्हाळी राजवाड्यावर गेले असताना लू एकटाच पडून होता, आणि त्याने त्या झाडावर लिहिले. पुढेही त्याचा आजार बरा झाला नाही. हातपाय निकामी झाले, आणि शेवटी त्याने नदीत उडी घेऊन जीव दिला. ज्या दहातल्या नवांना सुन वाचवू शकले नाहीत, त्यांतला हा एक.

त्यांच्या विसंगतीही झाकू नयेत. जीव मारून जीव वाचवणे म्हणजे जीवनापासून अधिक दूर जाणे, म्हणून आपण जिवंत प्राण्यांना औषधासाठी मारणार नाही, असे त्यांनी लिहिले. अंडेसुद्धा नाइलाज असेल तेव्हाच. इथे करुणेचा बौद्ध सूर सरळ ऐकू येतो. पण त्यांच्याच ग्रंथात प्राणिज औषधे पुष्कळ आहेत. वर सांगितलेल्या गोळीतला सरस तर गाढवाच्या कातड्याचा. आज त्या सरसाचा व्यापार इतका वाढला आहे की आफ्रिकेतल्या गरीब घरांची गाढवे त्यापायी नाहीशी होऊ लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी महासंघाला कातड्यासाठी गाढवे मारण्यावर बंदीचा निर्णय घ्यावा लागला. म्हातारपणी लिहिलेल्या ‘छ्यानजिन यीफांग’ या दुसऱ्या ३० खंडी ग्रंथात शेवटचे दोन खंड मंत्र-तोडग्यांचे आहेत. ते आपण घ्यायचे कारण नाही. त्यांच्या ग्रंथातला प्रत्येक नुस्खा आजच्या कसोटीवर उतरेल असेही कोणी समजू नये.

६७४ मध्ये त्यांनी आजारपणाचे कारण सांगून राजधानी सोडायची परवानगी मागितली. सम्राटाने चांगला घोडा दिला. ६८२ मध्ये ते वारले. वय १०१ धरतात, लोककथा आणखी वाढवतात. पुढे ताओ पंथाने त्यांना देव केले, त्यांच्या गावाजवळच्या डोंगराला औषधराजाचा डोंगर हे नाव पडले आणि तिथे आजही लोक जातात. मृत्यूपूर्वी त्यांनी घरच्यांना सांगून ठेवले होते : अंत्यविधी साधा करा, कबरीत माझ्याबरोबर वस्तू पुरू नका, आणि माझ्या नावाने कोणत्याही जनावराचा बळी देऊ नका.